टाकळा इथे मिळत नाही

आमची आजी, म्हणजे बाबांची आई, रत्नागिरीकडची. १९५४ साली लग्न होऊन इंदूरला आली, रामबागेतल्या वाड्यात, आणि तेव्हापासून दरवर्षी पाऊस सुरू झाला की तिचं एकच चालायचं, टाकळा. पहिल्या पावसाची टाकळ्याची कोवळी भाजी, लसूण ठेचून, वर ओलं खोबरं. मंडईत जाऊन विचारायची "टाकळा है क्या", भाजीवाल्या माना हलवायच्या, आणि घरी येऊन पिशवी ठेवता ठेवता म्हणायची, टाकळा इथे मिळत नाही. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं की माळव्यात समुद्र नाही तसा टाकळाही नाही असंच डोक्यात बसलं होतं. आजी गेली आणि मग तेच वाक्य आई म्हणायला लागली.

जुलैमध्ये एका मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की तीन दिवसांचा वॉक आहे, इंदूरच्या आसपास फिरून जंगली भाज्या आणि औषधी झाडं ओळखायची, शनिवार सिरपूर, रविवार जानापाव, सोमवार चोरलकडे. घेऊन जाणारे सर म्हणजे बॉटनीचे रिटायर्ड प्राध्यापक. आई बहात्तर वर्षांची, गुडघे दुखतात, पण मेसेज वाचून दाखवला तर म्हणाली मी येणार, डोंगर नाही चढले तर खाली बसेन. मग काय, दोघींची नावं दिली.

पहिला दिवस, शनिवार

साडेसहाला धार रोडवर सिरपूर तलावापाशी जमलो. आम्ही बाराजण होतो. रात्रभर पाऊस झाला होता आणि पाण्यावर धुकं होतं. सरांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं की आज काहीच तोडायचं नाही, हा तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलाय, इथे फक्त बघायचं, आणि तिन्ही दिवस कुठेही मी हो म्हणेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही. फोनमधलं ॲप नाव सांगतं त्यावर तर अजिबात जायचं नाही, आधी पान बघा, देठ बघा, वास घ्या, मोडून बघा आणि मग नाव विचारा, कारण नाव आधी कळलं की माणूस बघायचं सोडून देतो. सर बोलतात हिंदीत, मराठी सगळं कळतं त्यांना.

हे का म्हणाले ते अर्ध्या तासात कळलं. पाण्याच्या कडेला चिखलात एक सरपटणारी वनस्पती होती, छोटी छोटी गुबगुबीत पानं, चमच्यासारखी, समोरासमोर जोडीनं, आणि फिकट पांढरी फुलं. सर म्हणाले ही ब्राह्मी. तर आई म्हणाली, छे, आमच्या दारात कुंडीत ब्राह्मी आहे, तिचं पान गोल असतं, मोठ्या देठावर, बेडकाच्या पायासारखं. आणि दोघंही बरोबर! आईच्या कुंडीतली ती मंडूकपर्णी, या पाण्यातलीशी तिचं काही नातं नाही, कुळ पण वेगळं, पण बाजारात ब्राह्मी म्हणून दोन्ही विकतात आणि तेलाच्या बाटलीवरही नुसतं ब्राह्मी लिहिलेलं असतं. एक नाव, दोन झाडं. आईला ते फार लागलं, परतीच्या वाटेवर दोनदा म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं मी काय लावत होते डोक्याला.

पुढे नाळीची भाजी दिसली, पाण्यावर तरंगणारी, पोकळ देठाची, फूल फिकट जांभळं भोंग्यासारखं. आणि तिच्यापासून दहा पावलांवर बेशरम. बेशरम सगळ्यांना माहीत आहे, इथल्या प्रत्येक नाल्याकाठी असतो, कुठेही फांदी टोचली तरी उगवतो म्हणून नाव बेशरम. फूल तसंच भोंग्यासारखं, कारण दोघं एकाच कुळातले. पण नाळी खायची आणि बेशरम विषारी, बकऱ्या सतत खात राहिल्या तर त्यांचे पाय लटपटायला लागतात आणि मरतात सुद्धा. शिवाय सर म्हणाले की नाळी ओळखता आली म्हणून शहरातल्या पाण्यातली काढून खाऊ नका, ज्या पाण्यात गटार येतं तिथली भाजी त्या पाण्यातलं सगळं पिऊन बसलेली असते. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. मी समजत होते की भाजी ओळखली की झालं, ती कुठे उगवलीय हे पण बघावं लागतं.

परत येताना पायवाटेवर घोळ होती. लाल देठ, जाड पानं, आडवी पसरलेली. इथे हिला लुणिया म्हणतात, चवीला किंचित खारट आंबट म्हणून. तिच्या शेजारीच अगदी तशीच जमिनीला चिकटलेली, लालसर देठाची दुसरी होती. सरांनी दोन्हींचा एकेक देठ नखानं नुसता टोचला. घोळीतून पाणी आलं आणि दुसरीतून पांढरा चीक, एक टपोरा थेंब नखावर उभा राहिला. ती दुधी, खायची नाही. तो थेंब माझ्या डोळ्यासमोरून जात नाही अजून, इतकी छोटी गोष्ट आणि तेवढ्यावर सगळं. घोळीत ऑक्झलेट बरंच असतं म्हणून मुतखडा झालेल्यांनी जपून, हेही सांगितलं, तेव्हा ग्रुपमधल्या एका काकांनी लगेच वहीत लिहून घेतलं.

आघाडा मात्र आईनं सरांच्या आधी ओळखला. मंगळागौरीच्या पत्रीत लागतो, गणपतीच्या एकवीस पत्रींत लागतो, तिला लांबून दिसला. लांब कणीस, त्याला उलटी लागलेली कुसळं जी साडीला चिकटतात. सरांनी विचारलं, माताजी, इसकी सब्जी बनती है मालूम है? आईला माहीत नव्हतं. आयुष्यभर देवाला वाहिलेलं पान खाता पण येतं हे तिला पहिल्यांदा कळलं. पावसाच्या सुरुवातीची अगदी कोवळी पानं, बस.

दुसरा दिवस, रविवार

सकाळी सहाला टेम्पो ट्रॅव्हलर निघाली, महू मागे टाकून आग्रा-मुंबई रोडनं जानापाव. इंदूरपासून साधारण ४५ किलोमीटर. वाटेत एका ढाब्यावर चहाला थांबलो आणि तिथे, रस्त्याच्या कडेला, टायरांच्या खुणांच्या पलीकडे गुडघाभर हिरवं माजलेलं होतं, आणि सर चहाचा कप हातात घेऊन सहज बोलून गेले, ये तो पुवाडिया है, चौमासे में हर जगह.

आईनं कप खाली ठेवला. चालत गेली, वाकली, एक डहाळी हातात धरून पानं उलटी केली, चुरगाळून वास घेतला आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं काय झालं. तर म्हणाली, अगं हा टाकळा आहे.

सरांना बोलावलं. त्यांनी सांगितलं की हो, मराठीत टाकळा म्हणतात, संस्कृतमध्ये चक्रमर्द, हिंदीत चकवड, आणि इथे माळव्यात पुवाडिया. दादवर म्हणजे गजकर्णावर याचं बी वाटून लावायची जुनी पद्धत आहे, बी भाजून कॉफीसारखं पितात पण काही ठिकाणी. आई ऐकतच नव्हती. ती नुसती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघत होती, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत तेच होतं. माझ्या डोळ्यासमोर आजी आली, मंडईत उभी राहून टाकळा है क्या विचारणारी. कुणाकडे नव्हता असं नाही, तिला नाव माहीत नव्हतं, आणि समोरच्या बाईला तिचं नाव माहीत नव्हतं. दोन बायकांच्या मध्ये एक शब्द कमी पडला आणि आमच्या घरातली एक भाजी सत्तर वर्षं बंद राहिली.

तिथला तोडू दिला नाही सरांनी, रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर. आईनं ऐकलं पण गाडीत बसल्यावर मान वळवून बघत होती.

जानापाव ८५४ मीटर आहे. परशुरामाचं जन्मस्थान मानतात, वर कुंड आणि मंदिर आहे, कार्तिक पौर्णिमेला जत्रा भरते. चंबळ इथूनच निघते. मला हे शाळेपासून पाठ होतं पण वर उभं राहिल्यावर सरांनी हातानं दाखवलं की या बाजूला पडलेला पाऊस चंबळेतून यमुनेला जातो आणि त्या बाजूला पडलेला नर्मदेला. तुम्ही छत्री थोडी तिरकी केली तरी पाणी दुसऱ्या समुद्राला जाईल म्हणाले. झाडांमध्ये पण फरक पडतो, उत्तरेला सपाट काळी माती, शेतं, बाभूळ, आणि दक्षिणेला घाट उतरायला लागलं की साग, बेहडा, मोह, चारोळी.

गुळवेल इथे भरपूर. एका झाडावरून दोरखंडासारखी मुळं खाली लोंबत होती. सरांनी एक आधीच तुटून पडलेला तुकडा उचलला, वरची कागदासारखी पातळ साल नखानं सोलली, आत हिरवं, आणि आडवा कापल्यावर बैलगाडीच्या चाकासारख्या आऱ्या दिसल्या. गोल आत चाक दिसलं पाहिजे, पान बदामी पाहिजे, आणि खोडावर मोठ्या मोठ्या गाठी असतील तर ती नव्हे, ती तिची बहीण. करोनामध्ये लोकांनी घरोघर काढे केले, अंगणात दिसेल ती वेल उकळली, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा पेशंटमध्ये यकृताला त्रास झाल्याचं लिहिलं. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की दुसरीच जात घेतली गेली असू शकते. सरांचं मत असं की दोन्हींतून एकच शिकायचं, औषध म्हणजे भाजी नाही, वैद्याला विचारल्याशिवाय महिनोन्महिने काही पिऊ नका. भुईआवळ्याच्या वेळीपण तेच म्हणाले. त्याच्या पानांखाली ओळीनं मोहरीएवढी फळं लटकलेली असतात, पान उलटं केल्याशिवाय दिसत नाहीत, आणि काविळीवर लोक घेतात, पण डोळे पिवळे झाले तर आधी दवाखाना.

कळलावी पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिली. झुडपावर चढलेली, पानाच्या टोकाचाच धागा होऊन शेजारच्या काटकीला गुंडाळलेला, आणि फूल म्हणजे ज्वाळा, पाकळ्या मागे वळलेल्या, काठ कुरळे, खाली पिवळ्या वर लाल. प्रत्येकानं फोटो काढले. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं विष असतं, जे गाऊटच्या, म्हणजे एका सांधेदुखीच्या गोळीत मोजून मापून मिलीग्राममध्ये देतात, आणि कंद दिसतो रताळ्यासारखा. नावातच सगळं आहे, पूर्वी बाळंतपणाच्या कळा लावायला वापरायचे, आणि त्यात किती बायका गेल्या असतील देव जाणे.

उतरताना माझ्या हातून चूक झाली ती लिहितेच. पायवाटेच्या वळणावर स्वच्छ जागी, रस्त्यापासून लांब, मला टाकळा दिसला. म्हणजे मला वाटलं टाकळा. इथे सरांनी शेंडे खुडायची परवानगी दिली होती पण त्यांना दाखवून, आणि ते पुढे गेले होते, मी आईला खूश करायला पटापट एक मूठ खुडली आणि तिच्या हातात दिली. आईनं नाकाशी नेली आणि लगेच म्हणाली हा नाही. वास उग्र आहे, पान टोकदार आहे. मी म्हटलं आई तोच आहे गं. ती म्हणाली, नाही. सर मागे आले, बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. हा कासविंदा. टाकळ्याच्या पानाला तीन जोड्या, टोक गोल, आणि खालच्या पानांच्या मध्ये काडीच्या टोकासारखी बारीक ग्रंथी असते. कासविंद्याला चार-पाच जोड्या, टोक निमुळतं, आणि ग्रंथी एकच, देठाच्या अगदी बुडाशी. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं दर थंडीत लहान मुलं अचानक बेशुद्ध व्हायची आणि दगावायची, मेंदूचा ताप समजायचे, शेवटी डॉक्टरांच्या लक्षात आलं की पोरं खेळता खेळता याच्या शेंगा खातात. आणि मराठीत याला म्हणतात काय, तर रानटाकळा! सकाळी मी एक शब्द कमी पडला म्हणून हळहळत होते आणि दुपारी एक शब्द जास्त झाला तर काय होतं ते हातात धरून उभी होते. हात धुतले, पण छातीतली धडधड गाडीत बसेपर्यंत गेली नाही. आईला विचारलं तुला कसं कळलं, तिनं टाकळा शेवटचा खाल्ला असेल माहेरी, लग्नाआधी. म्हणाली, निवडलाय गं पोत्यानं लहानपणी, हाताला कळतं.

रात्री चोरलजवळ एका शेतावर मुक्काम. पाऊस, बेडूक, लाइट नाही, दाल-बाफले. दमलो होतो, झोपलो.

तिसरा दिवस, सोमवार

आज सर गप्प होते आणि गावातली एक काकी पुढे होती. भिलाला या आदिवासी समाजाची, वय आईच्याच आसपास, डोक्यावर टोपली, अनवाणी. सर स्वतःच म्हणाले की मी पुस्तकातून शिकलो आणि मग पंधरा वर्षं यांच्या मागे फिरून दुरुस्त केलं.

काकीची चाल अशी की थांबतच नाही, चालता चालता हात खाली जातो आणि वर येतो तेव्हा दोन शेंडे बोटांत असतात. एका जागी दोन-तीनच खुडायचे आणि पुढे. मी विचारलं इथे एवढं आहे, मग एकाच ठिकाणी टोपली का भरत नाही, तर म्हणाली कल भी तो आना है. ग्रुपमधल्या एकानं शतावरीचा वेल बघून उत्साहात खणायला घेतलं, मुळांचा गुच्छ वर आला सुद्धा, काकी काही बोलली नाही, सरांनी मात्र त्यालाच खड्डा परत भरायला लावला आणि वर पाणी घालून घेतलं. मग काकीनं सांगितलं की सफेद मुसळी तिच्या लहानपणी या उतारावर पायाखाली यायची, मग व्यापारी किलोनं घ्यायला लागले, लोकांनी मुळासकट उपटली, आता दिवसभर फिरलं तर चार दिसतात.

करटोली म्हणजे इथला ककोडा, बाजारात याच दिवसांत येतो आणि भाव ऐकून आपण पाव किलोच घेतो. मला वाटायचं प्रत्येक वेलीला लागतो. काकीनं दोन वेली दाखवल्या, एकसारख्या, पिवळी फुलं दोन्हींना, आणि म्हणाली यह नर है, इसमें कुछ नहीं आएगा. मादीच्या फुलामागे बारीक काटेरी गाठ असते, तीच पुढे ककोडा होते, नराच्या मागे नुसता देठ. पण नर तोडायचा नाही, तो नसेल तर मादीलाही लागणार नाही. आणि जमिनीत कंद असतो, दरवर्षी पावसात तोच फुटतो, तिला प्रत्येक कंदाची जागा माहीत आहे. ती ज्या बांधावर ते दाखवत होती तिथे माझ्या डोळ्यांना नुसतं गवत दिसत होतं.

मग पुवाडिया. काकी आणि आई शेजारी बसून खुडायला लागल्या. एकीला मराठी येत नाही, दुसरीची हिंदी इंदूरची मोडकी तोडकी, पण दोघींचे हात अगदी एकसारखे चालत होते, अंगठा आणि पहिलं बोट, टोकाची चार पानं, जून देठ तिथेच सोडायचा. आई म्हणाली हमारे में टाकळा बोलते. काकीनं ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणून पाहिलं, टाकला, टाकला. मग आईनं पण म्हणून पाहिलं, पुवाडिया.

चुलीवर काकीनं आधी पानं उकळून पाणी पिळून टाकलं, थोडा कडवटपणा जातो म्हणून. पाट्यावर लसूण आणि लाल मिरची, तेलात भाजी परतली, मीठ, बास. बरोबर मक्याची भाकरी. आई म्हणाली आमच्याकडे उकळत नाहीत, चिरून तशीच घालतात, कांदा आणि भिजवलेली मुगाची डाळ, वर खोबरं. काकीला खोबऱ्याचं नवल वाटलं, नारियल सब्जी में? मी पहिला घास घेतला. मेथीच्या जवळपास, पण मऊ, आणि मागे एक मातीसारखा वास राहतो जिभेवर. मी बेचाळीस वर्षांची आहे आणि घरात सगळ्यात जास्त बोलल्या गेलेल्या भाजीची चव मला तेव्हा कळली. आई बोललीच नाही. दुसरी भाकरी मागून घेतली.

संध्याकाळी निघताना वाटेवरचा पुवाडिया मिटायला लागला होता, समोरासमोरची पानं एकमेकांना चिकटवून झोपतो तो. काकीनं फडक्यात बांधून एक जुडी दिली, सिमरोलचा घाट चढेपर्यंत आईनं ती मांडीवर धरली होती.

दुसऱ्या दिवशी आई मंडईत गेली, माझ्याबरोबर, आणि आजी जिच्या आईकडून भाजी घ्यायची त्याच बाईपुढे उभी राहिली आणि विचारलं, पुवाडिया है क्या? ती बाई हसली, अम्मा उसे कौन खरीदता है, हमारे खेत की मेड पर भरा पडा है, कल ले आऊंगी, पैसे मत देना.

बुधवारी दोन जुड्या आल्या. आई ओट्यापाशी पाट घेऊन निवडायला बसली, नारळ फोडून ठेवलेला होता, आणि ती प्रत्येक डहाळी उजेडात धरून आधी पानं मोजत होती, तीन जोड्या, टोक गोल, आणि मगच परातीत टाकत होती.